कपाट न आवरण्याचं मूळ कारण

रखडलेलं कोणतंही काम, ते का रखडलं याचं मूळ कारण सापडल्याशिवाय कुणीही पुरं करू नये, असा नियम कार्यालयात लागू झाला आणि त्याच आठवड्यात हेडक्लार्कनी एका दिवसाची रजा मागितली. त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन रविवारी कायमची राहायला येणार होती. तिच्या खोलीतलं बायकोचं कपाट रिकामं करायचं होतं.

"कधीपासून तसंच आहे?" चालढकल निदान कक्षाच्या साहेबांनी विचारलं.

"ती गेल्यापासून. वर्ष होऊन गेलं."

"मग ही रजेची बाब नाही, निदानाची आहे. कपाटाला हात लावू नका."

शनिवारी साहेब समिती घेऊन घरी आले. एका सदस्याला हा शुद्ध आळस वाटला. सदस्य बाईंना त्यात अचूकतेचा हट्ट दिसला. घड्या मोडतील म्हणून उघडत नसतील, म्हणाल्या.

"तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी हेडक्लार्कना विचारलं.

"दार उघडलं की तिचा वास येतो," हेडक्लार्क म्हणाले. "सारखं उघडलं तर संपेल ना तो."

हे कारण मंजूर कारणांत बसत नव्हतं. सबब निर्णय होईपर्यंत कपाटाला सील ठोकण्यात आलं.

लाखेचा शिक्का बसला आणि हेडक्लार्कना वर्षभरात पहिल्यांदा हायसं वाटलं. आता चालढकल त्यांची नव्हती, सरकारी होती. समितीला त्यांनी आग्रह करकरून दुसऱ्यांदा चहा पाजला.

रविवारी मुलगी आली. "बाबा, हे काय?"

"सरकारी काम आहे बाई. माझ्या हातात काही नाही."

"मग चेहरा एवढा खुललाय कशानं?"

तिनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं, सील तोडलं, आईचा स्वेटर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. बाळानं लगेच बाही तोंडात घातली.

"अगं, हा संपवतोय बघ सगळा वास!" हेडक्लार्क रडता रडता हसायला लागले.

"संपवू दे. अजून एक बाही आहे."

संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं.

सोमवारी हेडक्लार्कवर ठपका आला: काम पुरं करून कारण नष्ट केलं. कक्षाला आता नवा नमुना शोधणं भाग आहे. ज्यांच्या घरी पुढे ढकललेलं एकही काम नाही, त्यांनी तसं लेखी कळवावं, म्हणजे त्यांना वगळून समिती पाठवता येईल.

अद्याप एकही पत्र आलेलं नाही. तुम्ही लिहिणारच होतात, याची कक्षानं नोंद घेतली आहे.