प्रिंटर बंद आहे

नीलिमाची मुलाखत दुपारी तीन वाजता विश्रामबागेतल्या एका शाळेत होती आणि बायोडाटा अजून छापायचा होता. "माझं काम होईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावू नका," असं तिने नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. राजरत्नने हात लावला, पण अगदी थोडा.

अठ्ठ्याण्णव साल होतं. माधवनगरच्या गिरणीत हिशेब लिहिणारा राजरत्न घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी संगणक-प्रणाली शिकत होता. तिची सीडी एका मासिकाबरोबर फुकट आली होती. त्याने नुकतीच एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची छोटी यादी, लिहिली होती. दर मिनिटाला ती कॉम्प्युटरमधली प्रिंटर चालवणारी सेवा चालू आहे का ते बघणार, आणि बंद दिसली तर तशी सूचना कागदावर छापणार. गिरणीच्या सुट्टीचा दिवस होता. स्क्रिप्ट चालते का बघायला त्याने सेवा मुद्दाम बंद केली आणि प्रिंटरसमोर बसून राहिला. कागद काही हलेना.

"कुठंतरी स्वल्पविराम चुकला असणार," असं पुटपुटत तो कृष्णात नावाच्या मित्राला विचारायला गेला आणि तिकडेच रमला.

स्वल्पविराम चुकला नव्हता. प्रिंटरची सेवा बंद असल्याची सूचना त्याच बंद सेवेने छापायची होती. त्यामुळे दर मिनिटाला एक सूचना गुपचूप छपाईच्या रांगेत जाऊन उभी राहत होती.

तो परतला तेव्हा नीलिमा साडी नेसून तयार होती.

"अहो, मघाशी बायोडाटा पाठवलाय. छापतच नाहीये!"

"एवढंच ना? सेवा बंद हाय. ही बघ, केली चालू."

प्रिंटर करकरला. नीलिमाने कागद ओढला. त्यावर इंग्रजी अक्षरांत मधोमध छापलं होतं, 'प्रिंटर बंद आहे.' दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावरही तेच.

राजरत्नची आई बनाबाई तांदूळ पाखडायचं सूप घेऊन दारात आली. सुनेने वाचून दाखवलं तशी ती म्हणाली, "बंद हाय, बंद हाय म्हनतंय आन् चालूच हाय की रं!"

घाबरून राजरत्नने सेवा बंद केली. लगेच स्क्रिप्ट इमानाने नव्या सूचना रांगेत लावू लागली. चालू केली, की छपाई सुरू.

"ती रांग पुसून टाका ना!"

"त्यो धडा अजून आला न्हाई."

जमिनीवर कागदांचा ढीग झाला आणि प्रिंटरमधला कोरा गठ्ठा संपला. बायोडाटा अजून मागेच होता. नीलिमाने मुकाट्याने ढीग उचलला, उलटा केला आणि पुन्हा प्रिंटरला लावला. पाठकोऱ्या कागदांवरही बरंच 'बंद आहे' झालं आणि शेवटी तिचं नाव उमटलं. बायोडाटाचे दोन कागद पिशवीत घालून ती धावतच निघाली.

राजरत्नला संध्याकाळपर्यंत चहासुद्धा गोड लागला नाही. ती आली तेव्हा तो उंबऱ्यातच उभा होता.

"काय झालं?"

"मुख्याध्यापकांनी बायोडाटा वाचला. मग उलटून मागचंही वाचलं. हे काय, म्हणाले. सगळं सांगावं लागलं."

"माझं नाव घेतलंस?"

"मग कुणाचं घेऊ?"

"चुकलंच माझं. गेली ना नोकरी?"

नीलिमा पायरीवर टेकली. "म्हणाले, आमच्या आठवी 'क'च्या वर्गावर एकही बाई टिकत नाही. पण घरात हे असं असून तुम्ही इतक्या शांतपणे बोलता, म्हणजे तुम्ही टिकाल. सोमवारी रुजू व्हा."