ताईच्या झग्याची बाही

देवाची आज्ञा पाळण्यात आमच्या मंडळीत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोक सांगत होते. मग एका रविवारी उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, "आज्ञा पाळायची तर आनंदानं, आणि सुरुवात रुसलेल्या माणसापासून करायची." मी पहिल्या बाकावर इतकी जोरात मान हलवली की चष्मा मांडीत पडला.

रुसलेलं माणूस म्हणजे माझी ताई. एका ताटात जेवलो, एका पांघरुणासाठी भांडलो, चर्चमध्ये एकाच वहीतून गायलो. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "तुझा वरचा सूर म्हणजे कुकरची शिट्टी." मीही गप्प बसले नाही. तेव्हापासून गायकवृंदात ती त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये दहा गळे असतात, तरी माझा कान तेवढा एकच आवाज वेचत बसतो.

गाताना घालायच्या तिच्या झग्याच्या बाहीचा काठ उसवून लोंबत होता. मी शिवणकाम करणारी बाई, मला उसवलेलं बघवत नाही. बेत ठरला. चर्चच्या कपाटातून झगा गुपचूप घरी आणायचा, शिवायचा, गुपचूप परत ठेवायचा.

"त्यापेक्षा तिच्या घरी जा की," नवरा म्हणाला. "चार घरं सोडून तर राहते."

"गुप्त सेवेनं देव जास्त प्रसन्न होतो."

"देव की तू?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

बुधवारी झगा आणला. माप कुठून आणणार? लहानपणी एकच फ्रॉक दोघींना यायचा, म्हणून माझ्याच हातावर बाही बेतली आणि जास्तीचं कापड कापून टाकलं. टाक्यागणिक प्रार्थना केली. मशीन गात होतं, मी गात होते.

गुरुवारी सरावाला ताई कपाटासमोर उभी. "माझा झगा चोरीला गेलाय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. आता कबूल केलं तर सेवा गुप्त कशी राहणार? मी गप्प. पाळकसाहेबांना ते गांभीर्य वाटलं. "तुम्ही कपड्यांतल्या जाणकार. तपास तुम्हीच करा."

म्हणजे चोरही मी आणि फौजदारही मीच. झाडलोट करणाऱ्या मावशींनी चहा पाजून हळूच सांगितलं, "मला पेटी वाजवणाऱ्यांचा संशय येतो." पेटीवाल्यांना मावशींचा येत होता. काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून मी कपाटाला नवं कुलूप लावण्याची शिफारस केली.

शनिवारी दुपारी झगा परत ठेवायला गेले, तर कुलूप लागलेलं. तेवढ्यात पावलं वाजली. खुर्चीवर चामड्याची मोठी पिशवी होती. तिच्यात झगा कोंबला आणि धूम ठोकली.

पिशवी पाळकसाहेबांची होती.

रविवारी भर उपासनेत त्यांनी बायबल काढायला हात घातला आणि निघाली बाही. ते ओढत गेले, झगा येत गेला. त्यांच्या पत्नीनं डोळे मिटून घेतले. "हे... हे माझं नाही," ते गरीब गृहस्थ पुटपुटले. चोरही नेमकं हेच म्हणतो, त्यामुळे मंडळी आणखीच गार पडली.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. उठले. आनंद कुठल्या कुठे पळालेला. "मी नेला होता," म्हटलं. "शिवायला."

ताई पुढे आली. झगा अंगात घातला. बाही मनगटाच्या चार बोटं वर. मागच्या बाकांवर लोक तोंडाला रुमाल लावून बसले. ताई मात्र टाक्यांवरून बोट फिरवत राहिली, कितीतरी वेळ.

"माप घ्यायला यायचं होतंस," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं घरीच आहे मी."

जिच्यात ताईच्या घराची पायरी चढावी लागणार नाही, अशी सोपी आज्ञा मी शोधून काढली होती.

संध्याकाळी गेले. घाईत टेप घरीच राहिलेली. ताईनं हात पुढे केला. मी वितेनं मोजलं, खांद्यापासून मनगटापर्यंत. तिचा हात हुबेहूब आईसारखा झालाय. मध्येच आकडा विसरले, पुन्हा मोजलं. तिनं हात मागे घेतला नाही.

बाहीला जोड दिला. आता ती तीन बोटं लांब झालीय, पुन्हा जावं लागणार. ताईनं बजावलंय, येताना टेप आणू नकोस.