दोराला पाणी पाजणारा अण्णा

दुष्काळात माणसं जनावरांना पाणी पाजतात. आमच्या दुकानासमोरचा अण्णा दोराला पाणी पाजायचा.

दर शनिवारी सकाळचं गिऱ्हाईक सरलं की इडलीचे तांदूळ धुतलेलं पाणी तो घमेल्यात काढायचा. मग आतल्या खुंटीवरचं काथ्याच्या दोराचं भलं मोठं वेटोळं उतरवायचा, घमेल्यात बुडवायचा, उलटं करायचा, पुन्हा बुडवायचा आणि सावलीत वाळत घालायचा. अहमदपुरात त्या वर्षी टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. रांगेत घागरीला घागर लागली की शिव्यांना सुरुवात व्हायची. अशा गावात भर रस्त्यावर हा सोहळा चालायचा.

"पीने को पानी नै, अन् ये रस्सी को नहला रहा," माझ्या शेजारचे गफूरभाई म्हणायचे. त्यांचं पत्र्याच्या बादल्या, कोठ्या बनवायचं दुकान. "अण्णा, साबून देऊ का?"

"तांदळाचा पाणी आहे भाई. तुम्ही पिता काय?" अण्णा विचारायचा.

अण्णा आंध्रातला, ऐन समुद्राकाठचा. रस्त्याच्या कामावर मजुरांचा स्वयंपाक करायला म्हणून आला. रस्ता झाला, मजूर गेले, अण्णा राहिला. एस.टी. स्टँडजवळ, माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर त्यानं चार बाकड्यांचं पत्र्याचं हॉटेल टाकलं. आमच्याकडं पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. माझ्या बापानं ठेवले, मी ठेवले. अख्ख्या तालुक्यात बिनदगडाचं छप्पर एकच, अण्णाचं. त्याच्यावरून आडवेतिडवे आठ दोर घेऊन जमिनीतल्या खुंट्यांना आवळलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हॉटेल पळून जाईल या भीतीनं बांधून ठेवलंय.

"कशाला रे एवढं?" असं नवं माणूस विचारायचंच.

"तुफान," अण्णा सांगायचा.

समुद्र आमच्यापासून एस.टी. बदलत बदलत दीड दिवसाच्या वाटेवर. आम्ही पावसाचा थेंब बघायला तरसलेलो. आणि हा तुफानाची तयारी करून बसलेला.

अण्णाचा बाप बंदरावर खलाशी होता. वादळाच्या इशाऱ्याचे बावटे चढवायचं काम त्याच्याकडं. एक नंबरचा बावटा म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजून राहिलंय. तीन म्हणजे होड्या ओढून घ्या. दहा म्हणजे देवाचं नाव घ्या. हे नंबर अण्णाच्या डोक्यात असे बसले होते की सगळं जग तो त्यांनीच मोजायचा. चटणी तिखट झाली की "आज चार नंबर." नवरा-बायकोचं भांडण रस्त्यावर आलं की "सहा. आता घरात घ्या." माझ्यासाठी त्यानं सात राखून ठेवला होता.

मी गोणपाटावर खिळे विकत विकत दुकानापर्यंत आलेला माणूस आहे. बिजागरीच्या भावावरून गिऱ्हाइकाशी अर्धा घंटा भांडू शकतो, आणि भांडताना माझा आवाज स्टँडपर्यंत जातो हे मला माहीत आहे. असा मी रंगात आलो की अण्णा समोरून सात बोटं वर करायचा. गिऱ्हाईक वळून बघायचं, हसायचं. हसलेलं गिऱ्हाईक मग भावात वर चढत नाही. माझे किती सौदे त्या सात बोटांनी बुडाले, ते माझं मला ठाऊक.

एकदा गफूरभाईंनी विचारलं, "अण्णा, दस के बाद क्या?"

"अकरा."

"वो क्या होता?"

"इडली काढायची आहे," म्हणून अण्णा आत गेला. दुपारचे तीन वाजले होते. त्या वेळी त्याच्याकडं इडली नसते.

रेडिओवर तेलुगू बातम्यांत समुद्राचं नाव निघालं की अण्णाच्या हॉटेलात लगीनघाई. दारातल्या पाटीवर खडूनं नंबर लिहायचा. काड्यापेट्या डब्यात घालून झाकणाला मेण लावायचं. मुरमुरे आणि गूळ वेगळा बांधायचा. तांदळाचा डबा गफूरभाईंकडून कथलाचा डाग मारून बंद करून घ्यायचा. रेशनकार्ड मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधायचं आणि तसंच गल्ल्यावर बसायचं. एकदा तर टँकरच्या रांगेत जाऊन त्यानं बायांना सांगितलं, "नाल्या साफ करा, पाणी तुंबेल." त्या दिवशी घागरी त्याच्या पाठीवर बसायच्याच बाकी होत्या.

आता माझं सांगतो. एका बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानात दोर घ्यायला आला. मी अंबाडीचा उत्तम दोर काढून दिला. त्यानं टोक तांब्यात बुडवलं, पिळलं, नाकाला लावलं आणि दुकान भरलेलं असताना म्हणाला, "शेठ, हे तुफानात चालत नाही. हे बैलाला चालते."

दुकान हसलं. एकानं तर घेतलेला दोर परत ठेवला.

तेव्हापासून मी त्याच्याकडं इडली खायचं बंद केलं. म्हणजे उघड उघड बंद केलं. पार्सल गफूरभाईंच्या नावानं यायचं.

पण अण्णाचा तो काथ्याचा दोर माझ्या डोक्यातून जाईना. छपराचे आठ दोर वेगळे. खुंटीवरचा हा नववा तो कधीच कुठं बांधायचा नाही. फक्त पाणी पाजायचा. शेवटी मी राग गिळून गेलो आणि विचारलं, "हा विकतोस का?"

"नाही."

"भाव तर सांग."

"ह्याला भाव नाही, शेठ."

विकत नाही म्हणणारी माणसं मी खूप बघितली. भाव काढला की वितळतात. पण भावच न सांगणारा माणूस म्हणजे माझ्या धंद्याला शिवी. मी पाय आपटत परत आलो. समोरून बोटं वर झाली असणार, मी बघितलं नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झालेला. मोठी मोठी ऑफिसं लातूरला गेली, आमच्या वाट्याला पाट्यांवरचं नाव बदलून आलं. याचा राग मला अजून आहे. पण तालुक्यालाही सरकारी क्वार्टर बांधायचं निघालं, आणि लातूरला खेटे घालून घालून सिमेंट पुरवायचं काम मी मिळवलं. जवळचं होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. दुकानामागच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये गोण्यांची थप्पी आढ्याला लागली. गाव पावसासाठी देव पाण्यात घालून बसलेलं. मीही सगळ्यांबरोबर हात जोडायचो. फक्त मनात म्हणायचो, आधी सिमेंट उचललं जाऊ दे.

कार्तिक लागला आणि अण्णाच्या पाटीवर तीन आला. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ, आणि पाठोपाठ अण्णा माझ्या दुकानात.

"शेठ, गोडाऊनचे पत्रे बांधा."

"दगड हायेत वर."

"दगड झोपला आहे तोपर्यंत चांगला. उठला तर डोक्यावर येते."

"बाहेर ये," मी म्हणालो. "आभाळात एक ढग दाखव. चिमणीएवढा दाखव."

आभाळ कोरं होतं. पण तो हटेना. "तिकडं आठ. इथं येईपर्यंत तीन होईल. पत्र्याला तीन पुरते."

"आणि बांधू कशानं?" माझं तोंड सुटलं. "माझ्याकडं तर बैलाचे दोर हायेत!"

अण्णा खाली मान घालून गेला. जिंकल्याचा आनंद मला जेवणापर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेकडून वारं सुटलं. आधी धूळ आली. मग स्टँडवरचे कागद, कडबा, कुणाची तरी टोपी. माझ्या दुकानाची पाटी एका खिळ्यावर लटकायला लागली. आभाळ काळंनिळं झालं, आणि पहिले थेंब पडताच टँकरची रांग नाचायला लागली. बाया घागरी उघड्या धरून उभ्या. अख्ख्या तालुक्यात पावसाला शिव्या घालणारा मी एकटा.

मागं धावलो तर गोडाऊनचे पत्रे ताशासारखे वाजत होते. एक कड वर उचलायची, आपटायची, पुन्हा उचलायची. वरचा एक दगड घरंगळत आला आणि गफूरभाईंच्या नव्या कोऱ्या बादलीत पडला.

"शेठ!" गफूरभाई ओरडले, "तुमारे पत्थर मेरे घर आ रहे!"

तेवढ्यात रस्ता ओलांडून अण्णा आला. खांद्यावर तो नववा दोर. शिडी लावून वर चढला आणि उरलेले दगड मागच्या मोकळ्या जागेत ढकलायला लागला.

"अरे, दगड कशाला पाडतो? येडा झालास का?" मी किंचाळलो. "त्यांच्यामुळंच तर टिकलंय!"

"तुमचा नऊ नंबर नंतर करा, शेठ! टोक धरा!"

मला असं बोलणारा माणूस त्या बाजारात नव्हता. मी टोक धरलं.

दोर पत्र्यांवरून आला, गफूरभाईंनी पलीकडं धरला, सळयांच्या बंडलाला वेढा दिला, परत माझ्याकडं. असे तीन फेरे. अण्णा छपरावर पालथा पडून एकेक फेरा सरळ करत होता. त्याच्या लुंगीचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं आणि कमरेला रेशनकार्ड बांधलेलं होतं. शेवटची गाठ त्यानं खाली येऊन स्वतः मारली. पाऊस वाढला तसा दोर भिजला, आवळत गेला. कुरकुरला, पण ढिला पडला नाही. पत्र्यांचा आवाज हळूहळू बंद झाला.

समोर बघितलं तर अण्णाच्या हॉटेलाचे दोन दोर तुटले होते. ताणून धरायला तिथं कुणी नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत त्याचं अर्धं छप्पर पतंगासारखं उठलं आणि ज्वारीच्या रानाकडं गेलं.

"अण्णा! तुझं छप्पर!"

त्यानं बघितलं. "पीठ झाकून आलो आहे," म्हणाला.

वारं पडायला तासभर गेला. आम्ही तिघं सिमेंटच्या गोण्यांवर बसलो. गोण्या कोरड्या खडखडीत. गफूरभाईंनी चहा केला. गप्प बसणं मला जमत नाही.

"अण्णा, बोल. काय देऊ?"

"काही नको."

"मग दोर सोडून देतो तुझा. घेऊन जा."

"नको शेठ. राहू द्या. आता कामाला लागला."

मला कळेना. इतकी वर्षं ज्याला भाव सांगितला नाही, तो असा टाकून द्यायला निघाला. "अरे, मग मुळात हा दोर आणला कशाला होतास?"

अण्णानं चहाचा कप गोणीवर ठेवला.

"अम्मा तिकडं होती. एकटी. पत्र पाठवली, दोर जुना झाला, नवा घेऊन ये, छप्पर बांध. मी हैदराबादेतून मागवला. पण मुकादम म्हणाला, जेवण कोण करणार, चार दिवसांनी जा. मी थांबलो." तो पत्र्यांकडं बघत होता. "निघालो तेव्हा रेडिओवर दहा. हैदराबादेत उतरलो, अकरा."

गफूरभाईंनी या वेळी विचारलं नाही. मी विचारलं.

"अकरा म्हणजे तारा तुटल्या. तिकडून काही कळत नाही. बाप म्हणायचा, दहापर्यंत भीती बावट्याची. अकरा वाईट. अकरात काहीच नाही." मग म्हणाला, "पोचलो. घर होते तिथं वाळू होती. कुणी म्हणाले बाई देवळात गेली, कुणी म्हणाले नाही गेली. दोर घेऊन परत आलो. माझा अजून अकराच आहे, शेठ."

पत्र्यावरून पागोळी गळत होती.

"आणि पाणी कशाला पाजत होतास?" मी विचारलं.

"इथली हवा लई कोरडी. काथ्या तुटते." तो उठला. "अम्मा विचारली, दोर नीट ठेवला का, तर काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानातले नवे पत्रे समोर पाठवले. अण्णा तरातरा आला. "शेठ, भाव सांगा."

"ह्याला भाव नाही," मी म्हणालो. फार दिवस वाट बघितली होती हे वाक्य बोलायची.

सिमेंट यथावकाश उचललं गेलं, क्वार्टर उभी राहिली. गोडाऊनचे पत्रेही मी दोनदा बदलले. दर वेळी दोर सोडला, नवे पत्रे टाकले आणि तोच दोर परत आवळला. वर दगड नाहीत. येणारेजाणारे विचारतात, मी सांगतो, तुफान.

दर शनिवारी तांदळाच्या पाण्याची बादली समोरून येते. अण्णा स्वतः आणून शिडीपाशी ठेवतो. मी वर चढून तांब्या तांब्यानं सगळ्या दोरावर पाणी घालतो. टँकरच्या रांगेतली माणसं हसतात, "शेठपण येडे झाले," म्हणतात. मी वरून शिव्या देतो, तशी समोर सात बोटं वर होतात. बोटं खाली गेली तरी अण्णा आत जात नाही. शेवटचा फेरा नीट भिजेपर्यंत दारात उभा राहतो.

माझ्या अंबाडीच्या दोराला मात्र तो अजून बैलाचाच दोर म्हणतो. ते मी विसरलेलो नाही.