बेडकाच्या पुतळ्याला पाणी

कोणत्याही प्राण्याचं संरक्षण करायचं, तर सगळ्यात आधी समिती लागते. प्राणी मागाहून मिळाला तरी चालतो.

हे तत्त्व अख्ख्या अँडीज पर्वतात आमच्या सान इसिद्रो दे ला निएब्ला या गावाने सर्वांआधी ओळखलं, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. निएब्ला म्हणजे धुकं. पूर्वी ते रोज दुपारी दोनच्या ठोक्याला दारात हजर असायचं. हल्ली साडेचारला उगवतं, तेही वरच्या कड्यावरूनच परत फिरतं. (याबद्दल समितीने एकमताने नापसंती नोंदवली आहे. धुक्याला प्रत पाठवायची राहून गेली.) धुकं गेलं, पाठोपाठ ओढा आटला, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेला आमचा नखाएवढा हिरवा-काळा बेडूक दिसेनासा झाला. समिती तातडीने स्थापन झाली. सभासद सतरा, उपसमित्या चार, बेडूक शून्य.

समितीचे सचिव म्हणजे निवृत्त आब्दोन मास्तर. बाकी सोळा जण सभेला उकडलेला मका मिळतो म्हणून यायचे. मास्तरांचा मात्र त्या बेडकावर खरोखर जीव होता. बावीस वर्षांपूर्वी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी त्याचा आवाज टेपवर उतरवला होता. दोन गारगोट्या हळूच एकमेकींवर वाजवाव्यात, तसा. मरण्याआधी तो एकदा पुन्हा कानावर पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा ते कोणाला सांगत नसत. सांगितली असती तर तिच्यासाठी पाचवी उपसमिती झाली असती.

दर शनिवारी ते नकाशा घेऊन वरच्या ओढ्याकडे शोधमोहिमेवर जात. समितीच्या नकाशावर बेडकाचं अधिकृत राहण्याचं ठिकाण हिरव्या रंगाने रंगवलेलं होतं. नऊ वर्षांत चारशेसाठ मोहिमा झाल्या. बेडकाने एकदाही नकाशा पाहिला नसावा.

आता गावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, लपवून काय उपयोग. आमचा आळस. मास्तरांच्या घरामागे कपडे धुण्याचा दगड आहे, आणि त्याच्या डोक्यावरून झऱ्याचा पाइप गावात जातो. हा पाइप अकरा वर्षं गळत होता. तक्रारवहीत त्रेचाळीस तक्रारी होत्या, पैकी चाळीस खुद्द मास्तरांच्या हस्ताक्षरात. दगडाखाली वीतभर शेवाळ, सदानकदा चिखल, आणि रात्रंदिवस टक टक टक. बेडरूमची भिंत तिथेच. मास्तर उशी कानावर घेऊन झोपत. इतकं चांगलं पाणी वाया जातंय आणि सतरा जणांच्या समितीला एक पाना सापडत नाही! लाज वाटावी अशीच गोष्ट होती, आणि आम्हाला ती वाटतही होती, दर सभेत दोन मिनिटं.

त्यात एके दिवशी सरकारी पत्र आलं. ओढ्याच्या घळीत दगडाची खाण काढायला एकाने परवानगी मागितली होती. चौदा तारखेला राजधानीतून मारिसेला नावाच्या बेडूकतज्ज्ञ डॉक्टरीणबाई येतील. एक जरी जिवंत बेडूक दिसला, तर घळ गावाची. नाही दिसला, तर सुरुंग.

सभा भरली. बेडूक कसा शोधावा यावर तीन मिनिटं, आणि पाहुणीचं स्वागत कसं करावं यावर चार तास चर्चा झाली. चौकात तीन मीटर उंचीचा सिमेंटचा बेडूक उभारायचा आणि त्याच्या तोंडातून कारंजं सोडायचं, असं ठरलं. ओढ्याचं पाणी नाही, झऱ्याचं जेमतेम. तेव्हा पंचायतीचे अध्यक्ष सेगुंदो उठले.

"मास्तर, तुमच्या मागचा पाइप गळतोय ना? तो बंद केला की कारंजं थेट आभाळाला भिडेल!"

मास्तरांना भरून आलं. अकरा वर्षांची तक्रार बेडकाच्या पुण्याईने मार्गी लागत होती.

घरी मात्र त्यांची बायको रोसाउरा म्हणाली, "गळू द्या की. एवढी वर्षं ऐकतेय, सोबत वाटते मला त्याची."

"अगं, सोबत? झोपेचं खोबरं झालंय माझ्या! आणि पाणी बेडकासाठी हवंय."

"सिमेंटच्या?"

"प्रतीकाला कमी लेखू नकोस," मास्तर म्हणाले.

आमच्याकडे अशा कामाला मिंगा घालतात. मिंगा म्हणजे अख्ख्या गावाने फावडी घेऊन फुकट राबायचं; जो येणार नाही, त्याचं नाव कर्ण्यावरून तीनदा वाचलं जातं. (त्यामुळे आमच्यात समाजसेवेची आवड फार.) दहा तारखेला मिंगा झाली. पाइप बदलला, सांधा आवळला, पाणी थेंबभरही गळेना. स्वच्छतेच्या भरात शेवाळही खरवडून काढलं.

त्या रात्री मास्तर उशी बाजूला ठेवून झोपले, आणि ऐकू आलं, टक टक.

सकाळी ते तणतणत सेगुंदोंकडे गेले. "हे काय काम झालं? अजून गळतंय!"

"अहो, कोरडाठाक आहे पाइप. मी स्वतः हात फिरवून पाहिलाय."

"मग मला काय स्वप्नं पडतात? फटीत कुठेतरी झिरपतंय. अर्धवट काम मला चालणार नाही!"

मास्तरांच्या शब्दाला गावात मान. बारा तारखेला दुसरी मिंगा झाली. दगडाखालची फट न् फट सिमेंटने लिंपली, वरून चुन्याचे दोन हात मारले. त्या रात्री टक टक थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मास्तर गाढ झोपले.

चौदा तारखेला चौक फुलून गेला. बँडच्या तालावर सिमेंटच्या बेडकाने आभाळाकडे तोंड करून असं पाणी उडवलं की पहिली रांग चिंब झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शोधायला निघण्याआधी सगळ्यांनी आवाज ओळखून घ्या. बावीस वर्षांपूर्वी तुमच्याच मास्तरांनी टिपलेला आहे." आणि त्यांनी कर्ण्यावर तो लावला.

टक टक. टक टक टक.

"अगं बाई!" रोसाउरा मोठ्याने म्हणाली. "अहो, हा तर आपला नळ!"

सगळा चौक खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. छातीवरचा समितीचा बिल्ला सांभाळत, सत्तरीतला तो माणूस घराकडे पळत सुटला.

डॉक्टरीणबाईंनी छिन्नीने लिंपण काढलं. आत चुन्याने पांढरी पडलेली बेडकाची अंडी होती, साबुदाण्यासारखी, वाळलेली. मास्तर चिखल नसलेल्या त्या जमिनीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसाही होता, फक्त गळतो म्हणून त्याला लिंपून टाकला होता.

अहवालात जिवंत बेडकांची संख्या शून्य लिहिली गेली. खाणीला परवानगी मिळाली. सुरुंगाने पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्यात आला आहे.

मास्तर आता रोज दुपारी घरामागे जातात आणि हातोडीने पाइपाचा सांधा फोडतात. मग दगडाला कान लावून बसतात. रोसाउरा शेजारी बसते. संध्याकाळच्या आत गाव येऊन पाइप दुरुस्त करून जातं, कारण आमचा आळस आता पार गेला आहे.

समितीच्या वहीत या प्रकरणाची जबाबदारी निश्चित करायची आहे. सतरा सभासदांची नावं झाली. अठरावी ओळ कोरी ठेवली आहे. मघाशी तो अकरा वर्षं गळणारा पाइप वाचताना "अरे, कोणीतरी दुरुस्त का करत नाही!" असं तुमच्या मनात आलं असेल, तर कृपया तिथे सही करावी.