सातवी घंटी

"धुकं म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जमिनीवर उतरलेला ढग! आणि ढगाला घाबरून सायकल चालवायचं सोडणारा माणूस माझ्या सहलीत नको!"

राजाभाऊ फणसळकरांनी हे वाक्य सासुरवाडीच्या पडवीत उभं राहून, गळ्यात शिट्टी अडकवून म्हटलं. साल १९८६, ऑक्टोबरची सकाळ. राजाभाऊ रत्नागिरीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत, आणि गेल्या उन्हाळ्यापासून 'सह्याद्री सायकल सहल' नावाच्या संस्थेचे संस्थापक, संचालक आणि वाटाड्या असे सबकुछ होते. साध्या काळ्या सायकलची मडगार्डं नि कॅरियर काढलं की ती डोंगराची सायकल होते, हा त्यांचा स्वतःचा शोध. पाटीही रंगवून झाली होती. उणीव फक्त गिऱ्हाइकांची होती.

तीही आता आली होती. मुंबईच्या एका भटक्या क्लबाचे सचिव सबनीस पाच माणसं घेऊन आले होते. त्यांना सहल पसंत पडली तर डिसेंबरात साठजण येणार होते. नाही पडली, तर शिक्षकांच्या खोलीत राजाभाऊंच्या निवृत्तीपर्यंत पुरेल एवढा विषय तयार होता. पाटीला हळदीकुंकू वाहायला हेडमास्तर आधीच टपलेले होते.

"पंप घेतलात का?" मालिनीबाईंनी आतून विचारलं.

"घेतला म्हणजे घेतला! वाटाड्याला असले प्रश्न विचारायचे नसतात."

"आणि वाट आठवतेय ना?"

हा प्रश्न राजाभाऊंनी ऐकलाच नाही. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरून, खालच्या निवई गावापर्यंतची ही वाट ते आयुष्यात एकदाच उतरले होते, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, आणि तीही मालिनीबाईंच्या मागोमाग.

गावाच्या वेशीवर गंगाराम नारळ घेऊन उभा होता. सत्तरीचा म्हातारा, गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. सड्यावर राखणदार असतो, पांढऱ्या कपड्यातला, हातात काठी. त्याला सांगून निघालं की तो वाटसरूंना सीमेपर्यंत सोबत करतो, असं गावात दूधपितं पोरही जाणून असतं.

"जावयबापू, मानसा किती?"

राजाभाऊंनी खिशातून यादी काढली. "सात."

गंगारामने नारळ कपाळाला लावला. "बा राखणदारा म्हाराजा! ही सात लेकरां आज तुज्या सड्यावरनं जातायत. सातच्या सात सुखरूप खाली पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुंबईकरांपैकी एकटी हेमा ओरडली. तिचं आजोळ लांज्याचं होतं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

नारळ फुटला. गंगारामने सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, मग पुन्हा फिरवली, आणि त्याचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला.

"जावयबापू, हे तर सहाच हायत!"

खरंच होतं. यादीतले डॉक्टर नाडकर्णी काल बांगड्याच्या तिखल्याला तीनदा न्याय देऊन आज पडवीमागच्या चिऱ्याच्या खोलीत टमरेलासह मुक्कामाला होते. ते येणार नव्हते.

"मग काय झालं? एकाने काय फरक पडतो?"

"तुमच्या शाळेत नसंल पडत. हितं सात बोललाव. आता तो सातच पोचवणार. एक कमी पडला तर सातवा तो कुठनं तरी आननार!"

"गंगारामभाऊ, भूगोलात असलं काही नसतं!" राजाभाऊंनी शिट्टी फुंकली आणि सहल निघाली.

पहिला अर्धा तास झकास गेला. पिवळंधमक गवत, कातळावर चाकांची खरखर, लांबवर दरी. आणि मग ढग खाली बसला. असा बसला की राजाभाऊंना स्वतःच्या सायकलचं हँडल दिसेना. मागे कुणीतरी बोलत होतं, ते आवाज भिजलेल्या गोधडीतून आल्यासारखे यायला लागले.

"घाबरू नका! हजेरी घेतो!" राजाभाऊ ओरडले. ही त्यांची खास पद्धत. पुढून मागे प्रत्येकाने एकेकदा घंटी वाजवायची. शेवटी हेमा. वाटाड्यासकट एकूण सहा.

ट्रिंग. राजाभाऊ. ट्रिंग. सबनीस. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. मधले तिघे. ट्रिंग. हेमा.

मग जरा थांबून, लांबून, ट्रिंग.

सगळे थांबले.

"दोनदा कोणी वाजवली? ही शाळा नाही!" राजाभाऊ सवयीने म्हणाले.

"सर, मी एकदाच वाजवली," हेमाचा आवाज बारीक झाला होता. "ती माझ्या मागून आली."

"प्रतिध्वनी! डोंगरात असतोच. पुन्हा घेऊ. हेमा, तू घंटीवर हात दाबून धर."

आता पाच घंट्या वाजायला हव्या होत्या. पाच वाजल्या. सहावी वाजली. आधीपेक्षा जवळून वाजली. आवाज जुना होता, गंज चढलेल्या वाटीवर नख मारावं तसा.

"राजाभाऊ," सबनीस अगदी हळू म्हणाले, "प्रतिध्वनी जवळ येतो का हो?"



त्यानंतरची दहा मिनिटं सायकलिंगच्या इतिहासात नोंदवावीत अशी होती. ज्या पाऊलवाटेवर दोन शेळ्यासुद्धा एकमेकींना वाट देताना विचार करतात, तिथे सहा सायकली एका ओळीत, आडव्या, चालल्या होत्या! शेवटी राहायला कुणीच तयार नव्हतं. हेमा पुढे घुसली म्हणून तिघे तरुण पुढे घुसले. सबनीस तर म्हणाले, "क्लबाच्या घटनेप्रमाणे सचिव नेहमी मध्यभागी असतो!"

"अशी कुठली घटना?"

"आजच दुरुस्त केली!"

अखेर वाटाड्यानेच मागे राहावं, असा ठराव एकमताने झाला. राजाभाऊ मागे गेले. त्यांच्या पुढच्या चाकातली हवा निम्मी गेली होती. त्यांनी पिशवीत हात घातला. पंप नव्हता. तो पडवीतल्या खुंटीवर टांगलेला त्यांना डोळ्यांसमोर स्वच्छ दिसला. त्या धुक्यात तेवढीच एक गोष्ट स्वच्छ दिसत होती.

ट्रिंग.

आता ती त्यांच्या पाठीशी, दोन हातांवर होती. मागे वळून बघावं असं राजाभाऊंच्या बुद्धीला वाटलं; मानेने नकार दिला.

"बाबा रे," ते पुटपुटले, "यादी जुनी होती. चूक माझी. शुद्धिपत्रक काढतो."

एवढ्यात पुढून हाक आली, "सर! वाट फुटलीय! डावी की उजवी?"

राजाभाऊंना ठाऊक नव्हतं. पण वाटाड्याने "ठाऊक नाही" म्हणायचं नसतं. "उजवी!" ते गरजले.

आणि पाठीमागची घंटी एकदम उजवीकडे, सगळ्यांच्या पुढे जाऊन वाजायला लागली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! थांबेचना. देवळातल्या आरतीसारखी.

"डावी!" सहाच्या सहा गळे ओरडले, आणि सायकली डावीकडे अशा सुटल्या, की ब्रेक नावाचा भाग सायकलला असतो हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. करवंदीची जाळी, दगड, ओहोळ, पुन्हा दगड! एका गोठ्यात सबनीस शिरून दुसऱ्या दाराने बाहेर आले. सगळे थांबले ते खालच्या निवईच्या देवळापाशी, पिंपळाच्या पाराला धडकून.

तेवढ्यात धुकं वर उचललं गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. वर सड्याची कड दिसत होती. उजवीकडची वाट त्या कडेपर्यंत छान, सरळ आली होती. पुढे वाट नव्हती. पुढे हवा होती.



आणि मग डावीकडच्या वाटेने, झाडीतून, खडखड करत सातवी सायकल आली.

हेमाने किंकाळी फोडली. राजाभाऊंनी शिट्टी फुंकली, का ते त्यांनाही कळलं नाही.

सायकलवर मालिनीबाई होत्या. पदर खोचलेला, खांद्याला पंप.

"खुंटीवर राहिला होता! भाचीची सायकल घेतली नि आले. केवढ्या हाका मारल्या! एकालाही ऐकू येऊ नये?"

पारावर जे हसू फुटलं, त्याने पिंपळावरचे कावळे उडाले. राजाभाऊंच्या जिवात जीव आला आणि लगेच रुबाबही आला. "बघा, सबनीस! म्हटलं नव्हतं? प्रत्येक गोष्टीला कारण असतं! मालू, पण घंटी किती वाजवावी माणसाने!"

"घंटी? कुठली घंटी?" मालिनीबाईंनी हँडल पुढे केलं. घंटीच्या जागी नुसता गंजलेला पट्टा होता. "ही सायकल आली तेव्हापासून बिनघंटीचीच आहे. उलट मीच तुमच्या घंटीच्या मागोमाग आले. फाट्यावर, डाव्या वाटेच्या तोंडाशी, कोण वाजवत उभं होतं? मला वाटलं, तुम्हीच. म्हटलं, चला, इतक्या वर्षांत एकदा तरी बायकोसाठी थांबले!"

हसू जागच्या जागी वाळलं. हेमाने बोटांवर माणसं मोजली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सात. सातच्या सात पोचलो."

"व्हय म्हाराजा," सबनीस म्हणाले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आठवड्याने मुंबईहून पत्र आलं. राजाभाऊंनी ते देवापुढे ठेवून, डोळे मिटून फोडलं. साठजण नक्की! तीन तुकड्या! खाली दोन अटी होत्या. पहिली, वाट दाखवायला सौ. वहिनी असाव्यात, सर मागे राहिले तरी चालतील. दुसरी, मंडळी धुक्यातल्या त्या अनुभवाने भारावली आहेत, तरी घंटी वाजवणाऱ्या गृहस्थांची व्यवस्था याही वेळी जरूर करावी.

तेव्हापासून राजाभाऊ वेशीवर यादी तीनदा तपासतात, आणि मग गंगारामच्या कानात हळूच एक आकडा वाढवून सांगतात. "जावयबापू, तो काय तुमच्या संस्थेत कामाला हाय?" म्हातारा फणकारतो, पण नारळ फोडतो.

असलं काही नसतं, हे राजाभाऊ वर्गात आजही ठासून सांगतात. फक्त हजेरी घेताना, शेवटच्या मुलाने "हजर" म्हटलं की ते लगेच वही मिटत नाहीत. जरा थांबतात, कान देतात. कुणी काही बोललं नाही, की मगच मिटतात.