इंदूबाईंचा पंचम

आमचे केडगावचे शेजारी भाऊसाहेब कुणाच्याही घरी गेले की माणसांची चौकशी करत नाहीत. चप्पल काढता काढता विचारतात, "मिक्सर बरा हाय का, वहिनी?" मग फ्रीज, मग पाण्याची मोटर. ईरा, निशांत, तुमचे आजोबा पायाला प्लास्टर घालून समोर बसले होते, तेव्हासुद्धा भाऊसाहेबांनी आधी वर पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याचं बेअरिंग लई थकलंय."

"आणि माझं?" आजोबांनी विचारलं.

"तुमचं डॉक्टर बघतील की."

तुम्हाला भाऊसाहेब आठवत असतील. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो, तेच. एमआयडीसीत फिटर होते. निवृत्त झाले आणि सगळी कॉलनीच त्यांचं वर्कशॉप झाली. काहीही बिघडलेलं पुढे ठेवा, त्यांचं एकच वाक्य: "उघडल्याबिगर बोलायचं न्हाई." जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा. तो आपल्या हातावर ठेवून म्हणायचे, "हा जास्तीचा हुता. कंपन्या उगं देत्यात."

त्यांच्या पत्नी इंदूबाई आमच्या भजनी मंडळात कीबोर्ड वाजवायच्या. पेटीचा भाता मारून खांदा दुखायला लागला, म्हणून लेकीनं कीबोर्ड घेऊन दिला होता. पुढे त्याची मधली एक पट्टी, नेमकी पंचमाची, मुकी झाली. इंदूबाई तरीही तिच्यावर बोट ठेवायच्या आणि तेवढा सूर मोकळ्या गळ्यानं स्वतः लावायच्या. आधी आम्हाला हसू यायचं. नंतर सवयच झाली. पंचम आला की आम्ही सगळ्या क्षणभर थांबायचो आणि इंदूबाईंना वाट द्यायचो.

"साऱ्या कॉलनीचे पंखे फिरवले, पण माझी एक पट्टी ह्यांच्याच्यानं होईना," त्या चारचौघींत म्हणायच्या.

"घरचंच काम हाय. पळून चाललंय व्हय?" न्यायला आलेले भाऊसाहेब म्हणायचे.

"मीच जाईन एक दिवस पळून."

"जा की. पट्टी नीट झाल्यावर जा."

हे भांडण आम्हाला पाठ होतं. गेल्या उन्हाळ्यात इंदूबाई आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

तेरावं झालं आणि भाऊसाहेबांनी कीबोर्ड उघडला. मी त्यांना चहा द्यायला गेले होते. पट्टीखालच्या रबरावर धूळ साचली होती, ती त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. पट्टी दाबली, वाजली. चहा अजून गरम होता.

"एवढंच हुतं, वहिनी," ते म्हणाले. त्या दिवशी एकही स्क्रू उरला नाही.

गुरुवारी भजनाला ते स्वतः कीबोर्ड घेऊन आले आणि दाराशी बसले. वाजवायला मी बसले. पंचम आला. सवयीनं सगळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत पट्टी खणखणीत वाजली. पुढची ओळ कुणालाच उचलता येईना. टाळ तसेच हातात राहिले. भाऊसाहेब उठले, कीबोर्ड काखेत घेतला आणि घरी निघून गेले.

पुढच्या गुरुवारी तो परत आणला. मी पट्टी दाबून पाहिली तर मुकी.

"पुन्हा बिघडली का हो?"

"न्हाई. रबराखाली कागदाची चिठोरी सारलीय." मग टेस्टरचं टोपण काढत-घालत म्हणाले, "ती हुती तवा वाजाया पायजे हुती. आता वाजून काय करायचं?"

कीबोर्ड अजून तसाच आहे. भजनात पंचम आला की आम्ही थांबतो, आणि दाराशी बसलेले भाऊसाहेब मान खाली घालून तेवढाच एक सूर म्हणतात. तो जरा उतरलेला लागतो. आमच्यातली कुणीही तो दुरुस्त करायला जात नाही.