दऱ्याखोऱ्यांचा पासवर्ड

जे झिजत नाही ते अक्षर, असं व्याकरण सांगतं. कागदाचं तसं नसतं. त्याला लोणावळ्याची ओल लागते. म्हणून इथल्या एका शिक्षणसंस्थेनं आंदर मावळातल्या आपल्या शाळांची जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, स्कॅन करून ऑफिसातल्या एका काळ्या पेटीत ठेवली आणि मूळ कागद सन्मानानं रद्दीत घातले. या पेटीला नॅस म्हणतात. ऑफिसातला कुठलाही संगणक तारेवरून तिच्यात डोकावू शकतो. फक्त पासवर्ड हवा. तो सचिव दिगंबरसरांनी भाषाभिमानापोटी मराठीत ठेवला : दऱ्याखोरी. (अनुमोदन सात, विरोध शून्य, डुलकी दोन.)

सोमवारी ऑफिसात नवे संगणक आले आणि पेटी कुणाला ओळखेना.

मंगळवारी तीनला कान्हू आला. वाडीवरून दोन तास पायी उतरून, पुढं जीपनं. त्याच्या मुलीला, रूपाला, नर्सिंगला जागा मिळाली होती. रजिस्टरचा उतारा पाचच्या आत ऑनलाइन चढला नाही, तर जागा दुसरीला.

"बाई, लय येळ लागंल का?"

"बघते भाऊ," असं म्हणून लिपिक कौमुदीनं पासवर्ड घातला. चुकीचा. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. पाच वेळा चुकलं की पेटी दहा मिनिटं रुसते. तोवर सरांनी भिंग आणलं. कागदावरचा शब्द आणि पडद्यावरचा शब्द, काना-मात्रा-शेपटासकट पडताळले. दोन्ही एकच, असा निष्कर्ष एकमतानं निघाला. तो पेटीला कळवण्यात आला. पेटीनं तो फेटाळला.

"सर, रूपाला तुमीच शिकवलं न्हवं का?" कान्हू म्हणाला.

"शिकवलं ना! प्रार्थना तीच सांगायची. काय गोड गळा!"

"मंग द्या की लिवून."

"मी ओळखतो रे कान्हू. संस्थेनं ओळखायला नोंद लागते."

कौमुदीनं पुन्हा तोच शब्द घातला. पेटी पुन्हा रुसली.

चार वाजले.

"ज्या मशिनीवर कुलूप घातलं, ती कुटं हाय?" कान्हूनं विचारलं.

ती अडगळीच्या खोलीत, सत्काराच्या शालींखाली होती. कौमुदीनं शाली बाजूला फेकल्या, तार जोडली, तोच शब्द टाइप केला. पेटी उघडली.

"असं कसं वो?"

"या शब्दात 'ऱ्या' आहे ना, त्यातला विळ्यासारखा अर्धा र. संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांत साठवतो. या रचे आकडे जुन्या संगणकाचे वेगळे, नव्याचे वेगळे. डोळ्याला विळा एकच दिसतो."

"म्हंजे घर त्येच, वाट येगळी."

"व्हय भाऊ," कौमुदीच्या तोंडून गेलं. "आणि ही पेटी घर बघत नाही, वाटच बघते."

चार बावन्नला उतारा चढला. कान्हूनं हात जोडले. पेटीला नाही, कौमुदीला.

बुधवारी सभा झाली. भाषेचा अभिमान कायम ठेवून, पासवर्ड इंग्रजीत करण्याचा ठराव झाला : संस्थेचं नाव, पुढं एक-दोन-तीन. गोपनीयता म्हणून तो फळ्यावर फक्त एकदाच लिहिला.

हसताय? हसा. पण त्या बिचाऱ्यांनी निदान दोन वर्षं मराठीत दार लावलं होतं. तुमचा पासवर्ड कुठल्या भाषेत आहे, ते सांगू नका. मुलीचं नाव इंग्रजीत, पुढं एक-दोन-तीन. ते आम्हाला ठाऊक आहे.